सहा आठवडे, अपुरा सराव आणि पाच दिवसांचे घाट

वळणवाट

नमस्कार. आजपासून सहा आठवड्यांनी सुरू होणाऱ्या पाच दिवसांच्या एका डोंगरी सायकल मोहिमेत मी नाव नोंदवले आहे. नोंदणी केली तेव्हा हाताशी आठ महिने होते आणि आठवड्यातून किमान चार दिवस सराव करायचा, असा माझा मनापासूनचा बेत होता. पुढे घरातले दीर्घ आजारपण आणि कामाचा वाढलेला व्याप यांत तो मागे पडला. सध्या रविवारी चाळीस-पन्नास किलोमीटर आणि जमलेच तर बुधवारी तासभर, एवढीच सायकल होते. आजवरची सर्वांत लांब फेरी ७२ किलोमीटरांची, आणि तीही बहुतेक सपाट रस्त्यावरची. सलग दोन दिवस मी कधीच सायकल चालवलेली नाही.

मोहिमेचे एकूण अंतर ३९० किलोमीटर आणि एकूण चढाई ७,८०० मीटर आहे. तिसरा दिवस सर्वांत जड आहे. त्या दिवशी ८२ किलोमीटर अंतर, २,१५० मीटर चढाई आणि त्यातच १९ किलोमीटरांचा एक अखंड घाट असून त्याचा सरासरी चढ ७ टक्के आहे. सर्वांत उंच खिंड २,६०० मीटरवर आहे, मुक्काम मात्र सगळे १,८०० मीटरच्या खालीच आहेत. रोज एक वेळमर्यादा आहे आणि मागे पडणाऱ्यांना घेण्यासाठी शेवटी एक गाडी येते. माझे वय ४४, वजन ६२ किलो. सायकल, पाणी आणि सोबतचे सामान मिळून आणखी १८ किलो होतात.

सहा आठवड्यांत मी कसलेली सायकलस्वार होणार नाही, हे मला कळते. जेवढी ताकद असेल तेवढ्यावर हे पाच दिवस शहाणपणाने कसे काढावेत, आणि या अवस्थेत जाऊच नये असे वाटत असेल तर ते नेमके कशामुळे, हे जाणकारांनी सांगावे.

सावकाश

तुम्ही आकडे दिलेत, हे फार बरे केले. अशा मोहिमांत मी पुष्कळदा गेलो आहे. त्यांतल्या दोन मोहिमांना माझाही सराव तुमच्याइतकाच तुटपुंजा होता, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी सहा आठवड्यांत काय बदलते ते पाहू. नियमित दमश्वासाचा व्यायाम सुरू केला की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते. त्यामुळे हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलते आणि त्याच चढाला नाडी थोडी कमी धावते. स्नायूंच्या पेशींमधील ऊर्जा तयार करणारी यंत्रणा सुधारायला काही आठवडे लागतात. तोही लाभ तुमच्या पदरात अंशतः पडेल. कंडरा, सांध्यांभोवतालच्या ऊती आणि बसण्याच्या जागेची सहनशक्ती मात्र फार सावकाश तयार होते. अपुऱ्या सरावाच्या माणसाला मोहिमेत दम नडेल असे आपण धरून चालतो, पण पुष्कळदा दम टिकतो आणि गुडघा किंवा त्वचा हार मानते.

आता ताकदीचा हिशोब. तुमचे सामानासह वजन ८० किलो. ७ टक्क्यांच्या चढावर ताशी ६ किलोमीटर वेगाने जायला साधारण १०० वॅट लागतात, आणि ताशी ८ किलोमीटरने जायला साधारण १३०. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण ६२ किलो वजनाच्या, थोड्याच सरावाच्या व्यक्तीला १०० वॅट तासन् तास निघतात, तर १३० वॅटवर ती आपल्या मर्यादेच्या अगदी जवळ पोहोचते. त्या १९ किलोमीटरांत ताशी ८ चा वेग धरलात तर सुमारे पाऊण तास वाचेल. मात्र त्याची किंमत चौथ्या आणि पाचव्या दिवशी द्यावी लागेल.

मला सांगायचे आहे ते एवढेच की तुमची पुंजी थोडी आहे, म्हणून तुमचा सारा प्रश्न उधळपट्टी टाळण्याचा आहे. पहिल्या दिवशी सकाळी सगळे ताजेतवाने असतात, पहिल्या घाटाला लोक भराभर पुढे जातात आणि त्यांच्यामागे जाण्याचा मोह अनावर होतो. पहिल्या दिवशीच्या पहिल्या तासात स्वतःला आवरणे, ही या पाच दिवसांतली सर्वांत अवघड गोष्ट आहे असे माझे प्रामाणिक मत आहे. चढावर एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले पाहिजे. शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा, मग मागून येणारा प्रत्येक जण पुढे गेला तरी चालेल.

सरावाविषयी सांगायचे तर एकच लांब फेरी मारून दोन दिवस पडून राहण्यापेक्षा सलग दोन दिवस मध्यम फेऱ्या करा. पहिल्या दिवशी चार तास झाल्यावर दुसऱ्या दिवशी जड पायांनी तीन तास बसण्याची सवय तुम्हाला हवी आहे. मधल्या एका दिवशी चढावर आठ-दहा मिनिटांचे तीन जोरकस टप्पे घ्या. पाचव्या आठवड्यात जमल्यास सलग तीन दिवस चालवा. शेवटच्या आठवड्यात मात्र सायकल अर्ध्यावर आणा. अखेरच्या सात दिवसांत राहिलेला सराव भरून काढायला जाणारे लोक थकलेले पाय घेऊन सुरुवातीच्या रेषेवर येतात.

दातेचक्र

सावकाश यांनी सांगितलेला ताशी ६ किलोमीटरचा वेग तुमच्या सायकलीवर शक्य आहे का, हे आधी तपासायला हवे. पुढची सर्वांत लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी चकती किती दात्यांची आहे, ते कळवाल का?

वळणवाट

पुढे ३४ आणि मागे २८ दाते आहेत. आमच्या इथल्या छोट्या चढांना ते पुरते.

दातेचक्र

छोट्या चढांना पुरते, कारण तिथे पाच मिनिटे उभे राहून जोर लावला की माथा येतो. १९ किलोमीटर उभे राहून जाता येत नाही.

तुमच्या रस्त्यावरच्या सायकलीचे चाक एका फेऱ्यात साधारण २.१ मीटर जाते. ३४ आणि २८ ची जोडी लावली की पेडलच्या एका फेऱ्याला सायकल सुमारे २.५५ मीटर पुढे सरकते. ताशी ६ किलोमीटर म्हणजे मिनिटाला १०० मीटर, म्हणजे मिनिटाला जेमतेम ३९ फेरे. एवढ्या संथ फेऱ्यांत प्रत्येक पेडल अक्षरशः दाबून खाली न्यावे लागते, मांडीचे स्नायू लवकर भरून येतात आणि सगळा ताण गुडघ्याच्या वाटीवर येतो. मागची सर्वांत मोठी चकती ३४ दात्यांची केलीत तर फेरे ४७ होतील. पुढची चकतीही ३० दात्यांची करता आली तर ५४ च्या आसपास जातील. ताकद तेवढीच लागते, पण ती अधिक फेऱ्यांत वाटली जाते. माझ्या मते हा बदल तुम्हाला महिनाभराच्या सरावाएवढा उपयोगी पडेल. मात्र तुमच्या मागच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेला, ३४ दात्यांची चकती पेलते का, हे कारागिराकडून आधी पाहून घ्या. कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलली की चेनची लांबीही पुन्हा मोजावी लागते आणि चेन जुनी असेल तर ती नव्या दात्यांवर घसरते. हे सगळे निदान तीन आठवडे आधी करून घ्या, म्हणजे कुरकुर असेल ती घरच्या रस्त्यावरच कळेल.

उताराबद्दल सहसा कोणी विचारत नाही, म्हणून न विचारताच लिहितो. ८० किलोंचे वजन १,००० मीटर उंचीवरून खाली आणताना जेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तेवढ्या ऊर्जेत २० अंशांचे सव्वादोन लिटरांहून अधिक पाणी उकळीला येते. वेगाने उतरणाऱ्याची बरीचशी ऊर्जा हवा खाते. जो घाबरून सावकाश उतरतो आणि ब्रेक सतत दाबून ठेवतो, त्याची बहुतेक सारी ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. नवखा सायकलस्वार नेमका तोच असतो. चाकाच्या कडेला (रिमला) धरणारे रिम ब्रेक असतील तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. चाकाच्या मध्यावरच्या तबकडीला धरणारे डिस्क ब्रेक असतील तर त्यांचे पॅड चकचकीत होऊन पकड सुटते आणि तेलाच्या ब्रेकमध्ये तेल उकळले तर लिव्हर मऊ पडते. म्हणून वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवा, मग सोडा, ब्रेकला वारा लागू द्या आणि पुढच्या वळणाला पुन्हा तेच करा. हात दुखू लागले किंवा जळका वास आला तर थांबा. तापलेल्या डिस्कला बोट लावू नका.

शेवटची एक बाब. सीटची उंची एकदा बसली की सीटच्या दांड्यावर, पकडीच्या अगदी वर, पक्क्या शाईने रेघ मारून ठेवा. सीट फार खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो आणि फार वर असेल तर मागून.

वळणवाट

कारागिराकडे उद्याच जाते. आणखी एक शंका मनात आहे. चढ फारच तीव्र झाला तर उतरून सायकल ढकलत नेणे योग्य ठरेल का? तशी वेळ आली तर मोहीम पूर्ण केली असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकेन का, हा विचार मला छळतो आहे.

जुनीपाने

या शंकेला इतिहासाचे उत्तर आहे. १९०३ साली सुरू झालेली तूर द फ्रान्स ही शर्यत १९१० साली पहिल्यांदा पिरेनीज पर्वतातल्या उंच खिंडींवर नेली गेली. २,११५ मीटर उंचीची तूरमाले खिंड सर्वांत आधी ओलांडणारा ऑक्ताव्ह लापीझ त्या चढावर काही ठिकाणी सायकल हाती धरून पायी चालला होता, आणि पुढे ती शर्यत त्यानेच जिंकली. सबंध चढ न उतरता पार करणाऱ्या ग्युस्ताव्ह गारिगू याला त्याबद्दल १०० फ्रँकचे वेगळे बक्षीस दिले गेले. न उतरता चढणे तेव्हा एवढे असाधारण होते. शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ साली. त्याआधी सायकलस्वार चढाच्या पायथ्याशी थांबत, मागचे चाक काढून उलटे बसवत आणि दुसऱ्या बाजूच्या दात्यांवर पुढे जात. तेव्हा चालावे लागले तर निःशंकपणे चाला. फक्त ज्या बुटांनी चालता येते असे बूट घाला.

अर्ध्यावरून

मी अशाच एका मोहिमेतून दुसऱ्या दिवशी बाहेर पडलो होतो. माझा सराव तुमच्यापेक्षा थोडा जास्तच होता, म्हणून काय चुकले ते मुद्दाम लिहितो आहे.

पहिल्या दिवशी मी एका वेगवान गटाबरोबर गेलो आणि दुपारी दीड वाजता मुक्कामी पोहोचलो. त्याचा मला फार आनंद झाला. त्या आनंदात मी संध्याकाळी अंघोळ करून झोपलो आणि उठलो तेव्हा जेवणाची वेळ टळत आली होती. थोडे खाऊन पुन्हा आडवा झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटभर खाल्ले आणि पुढचे चार तास साध्या पाण्यावर काढले. चढावर खाण्याची इच्छाच होत नव्हती. शेवटच्या नऊ किलोमीटरांच्या घाटात तिसऱ्या की चौथ्या वळणावर मला थंडी वाजू लागली, ऊन असतानाही. मी कठड्यावर बसलो आणि पिशवीतून खाऊ काढायला गेलो, तर पिशवीच्या चेनची बारीक मूठ चिमटीत धरता येईना, इतकी बोटे थरथरत होती. रस्त्यावरच्या पाटीवर लिहिलेले अंतर मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा ते मला उमगले नाही. मागून आलेल्या गाडीतल्या माणसाने माझ्या हातून सायकल घेतली तेव्हा मी काही बोललो नाही.

नंतर मी यावर बरेच वाचले. शरीरात स्नायू आणि यकृत मिळून साखरेचा जो साठा असतो तो साधारण २,००० किलोकॅलरींचा. वळणवाट, तुमच्या तिसऱ्या दिवसाच्या नुसत्या चढाईलाच सुमारे १,७०० किलोकॅलरी लागतील. सपाटीचा रस्ता आणि दिवसभराच्या जगण्याचा खर्च वेगळा. त्यातला काही भाग चरबीतून येतो, पण जोर जितका जास्त तितका साखरेचा वाटा मोठा. म्हणजे सावकाश जाणारा आपला साठाही वाचवतो. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत, आणि ती भूक लागायच्या आधीपासून. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात, यावरून अंदाज येईल. मी आता हँडलवरच्या घड्याळात दर वीस मिनिटांचा गजर लावतो आणि तो वाजला की दोन घास खातो, मग चढ असो वा उतार. मुक्कामी पोहोचल्यावर अंघोळीच्या आधी खातो. पूर्ण रिकामा झालेला साठा भरायला जवळजवळ चोवीस तास लागतात आणि तुमच्या हाती जेमतेम सोळा असतील, त्यामुळे पहिला तास दवडू नका.

आणखी एक. त्या मोहिमेसाठी मी नवी सीट घेतली होती. पुन्हा कधीही असे करणार नाही. पॅडची चड्डी थेट अंगावर घाला, आत दुसरे काही नको. मुक्कामी पोहोचताच ती काढा, जागा धुऊन कोरडी करा आणि रोज धुतलेली चड्डी वापरा. घर्षण, ओल आणि दाब या तिघांतला एक जरी कमी झाला तरी फोड टळतो.

नाडी

मी व्यवसायाने डॉक्टर आहे. वर झालेली चर्चा चांगली आहे, तरी काही गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगणे मला आवश्यक वाटते.

वय ४४ आहे आणि नियमित व्यायाम नव्हता, तर जाण्यापूर्वी रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि ईसीजी तपासून घ्या आणि कुटुंबात कमी वयात हृदयविकार कोणाला झाला होता का, हे डॉक्टरांना सांगा. स्त्रियांमध्ये रक्तक्षय बराच आढळतो आणि तो असेल तर सहा आठवड्यांचा सगळा सराव वाया गेल्यासारखा वाटतो. श्रम करताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात उतरणारी कळ, चक्कर किंवा भोवळ यांपैकी काहीही झाले तर मोहीम तिथेच थांबवावी. हे थकव्याचे लक्षण असेल, असे गृहीत धरू नका.

सवय नसलेल्या शरीराला एकाएकी अतिश्रम घडले की क्वचित स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात आणि त्यांतली द्रव्ये मूत्रपिंडावर भार टाकतात. स्नायू विलक्षण सुजणे, दुखणे आणि लघवी काळपट तपकिरी होणे, ही त्याची खूण. तशी लघवी दिसली तर सकाळपर्यंत वाट न पाहता रुग्णालय गाठा. याच कारणासाठी, अंगात पाणी कमी असताना वेदनाशामक गोळ्या घेऊन सायकल चालवणे मला मुळीच मान्य नाही. आयबुप्रोफेन गटातली औषधे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. शिवाय दुखणे दाबून टाकले की गुडघा देत असलेली सूचना तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

पाणी तहानेप्रमाणे प्या. भीतीपोटी तासाला लिटर-लिटर साधे पाणी ढोसणेही घातक आहे, कारण रक्तातील सोडियम खाली जाऊन डोके दुखते, मळमळते आणि पुढे शुद्धही हरपू शकते. लांब दिवसांत पाण्यात थोडे मीठ असावे.

उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो आणि मुख्यतः झोपण्याच्या उंचीवर अवलंबून असतो. तुमचे मुक्काम १,८०० मीटरच्या खाली असल्यामुळे खिंडीत तास-दोन तास गेल्याने फारसे काही होणार नाही, फक्त दम लवकर लागेल. याउलट ३,००० मीटरच्या वर मुक्काम असणाऱ्या मोहिमा कमी सरावावर आणि कमी दिवसांत करू पाहणाऱ्यांनी हा धागा वाचून धीर घेऊ नये. तिथे झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी विश्रांतीचा दिवस घ्यावा, असा वैद्यकीय संकेत आहे. चांगला दमश्वास असलेल्यांनाही उंचीचा आजार होतो.

उंबरठा

मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. नोंदणी पुढच्या वर्षावर ढकलता येत असेल तर तसेच करावे, असे मला वाटते. सलग दोन दिवसही न चालवलेल्या व्यक्तीने पाच दिवस घाट चढावेत, यासाठी आपण सगळे मिळून मार्ग शोधून देत आहोत, यात कुठेतरी अतिउत्साह होतो आहे. थकलेला माणूस चढावर फक्त हळू होतो, पण उतारावर त्याच्या चुकीने अपघात होतो.

सावकाश

उंबरठा, तुमचे शेवटचे वाक्य मला पूर्ण मान्य आहे. माझे बहुतेक वाईट क्षण चौथ्या दिवसाच्या दुपारच्या उतारावरचे आहेत, चढावरचे नाहीत. तरीही सरसकट पुढे ढकला, असे मी म्हणणार नाही. इथे मागून येणारी गाडी आहे, मुक्काम कमी उंचीवर आहेत आणि रोज संध्याकाळी थांबण्याचा निर्णय घेता येतो. या तिन्ही गोष्टी नसत्या तर मीही नको म्हटले असते. वळणवाट, पाचव्या आठवड्याअखेर स्वतःची परीक्षा घ्या. शनिवारी १,२०० मीटर चढाई आणि रविवारी १,००० मीटर चढाई झाल्यावर सोमवारी जिना उतरताना गुडघा दुखला नाही, तर जा. दुखला तर उंबरठा यांचे ऐका.

वळणवाट

मोहीम गेल्या आठवड्यात झाली. ज्यांनी एवढा वेळ देऊन लिहिले त्यांना हिशोब देणे मला आवश्यक वाटते.

तपासणीत हिमोग्लोबिन थोडे कमी निघाले आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. मागे ३४ दाते बसले, पुढची चकती मात्र आहे तीच राहिली. सहा शनिवार-रविवारांपैकी चारच हाती आले. पाचव्या आठवड्याची परीक्षा दिली. सोमवारी मांड्या ठणकत होत्या, पण गुडघे शांत होते.

पहिल्या दिवशी पहिल्या घाटात मी सर्वांच्या शेवटी होते. हे आधीच ठरवलेले असूनही मनाला फार लागले. वळणावळणाने रंगीत सदरे वर जाताना दिसत होते आणि अर्ध्या तासात रस्ता रिकामा झाला. मी ओठांतल्या ओठांत पाढे म्हणत चढत राहिले, कारण पाढा तुटला की वेग जास्त झाला हे लगेच कळत होते. दर वीस मिनिटांनी गजर वाजत होता. वेळमर्यादेच्या पन्नास मिनिटे आधी मुक्कामी पोहोचले आणि अंगात त्राण शिल्लक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हँडलवर हात टेकताच करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होऊ लागले, तेव्हा तळव्यावरचा भार हलवण्यासाठी पकड सारखी बदलत राहिले. एरवी त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखे फार नाही.

तिसऱ्या दिवशीचा घाट मी कधी विसरणार नाही. पायथ्याशी झाडी होती आणि उकाडा होता. पहिले आठ किलोमीटर आपण हे करू शकतो, असा विश्वास येईपर्यंत गेले आणि मग चढ अकरा टक्क्यांवर गेला. ४७ फेऱ्यांचे ३५ झाले. दोन पेडल मारले, तिसऱ्याला पुढचे चाक डुगडुगले. मी उतरले आणि चालू लागले. सायकलचा भार कमरेवर तोलून, वळणाच्या बाहेरच्या कडेने सातशे-आठशे मीटर चालले असेन. चालताना नाडी खाली आली, पाठ सरळ झाली आणि चढ पुन्हा सात टक्क्यांवर आला तेव्हा बसले. असे दोनदा केले. १९ किलोमीटरांना थांबे धरून तीन तास चाळीस मिनिटे लागली. माथ्यावर खालच्यापेक्षा निदान बारा-तेरा अंशांनी गारठा होता. घामाने ओला झालेला आतला बनियन तिथेच एका दगडाआड बदलला आणि मगच उतरायला लागले. तो कोरडा बनियन नसता तर उतारावर ब्रेक दाबण्याइतकी बोटे चालली नसती.

चौथ्या दिवशी मात्र मी गाडीत बसले. सकाळपासून डावा गुडघा पुढच्या बाजूने दुखत होता. पहिल्या घाटात तो सहन केला, दुसऱ्या घाटाच्या पायथ्याशी खाली बसून पाहिले तर उठताना कळ येत होती. बारा किलोमीटर राहिले होते आणि वेळही हाताशी होता. पण गुडघा रोज थोडा जास्त दुखत गेला असता तर मी काय केले असते, हे मी घरून निघतानाच ठरवून ठेवले होते, म्हणून मन फारसे डळमळले नाही. रडू आले, हे खरे आहे. संध्याकाळी सायकल पुसताना लक्षात आले की दातेचक्र यांच्या सांगण्यावरून दांड्यावर मारलेली रेघ दिसत नाही. ती पकडीच्या आत गेली होती. सीट जवळपास एक सेंटीमीटर खाली घसरली होती, बहुधा तिसऱ्या दिवशीच्या खडबडीत उतारावर, आणि चौथ्या दिवशीचा पहिला घाट मी तशीच चढले होते.

सीट वर घेतली. पाचव्या दिवशी सकाळी पहिले पाच किलोमीटर हलक्या गिअरवर चालवून पाहिले. गुडघा कुरकुरला, पण दुखला नाही. शेवटच्या रेषेपर्यंत गेले. ३९० पैकी ३७८ किलोमीटर माझ्या पायांनी झाले.

दातेचक्र

वाचून फार समाधान वाटले. रेघ मारायला सांगितली, पण ती रोज सकाळी पाहायला सांगितले नाही, ही माझी चूक झाली. दांडा का घसरला ते पाहिलेत का?

वळणवाट

घरी आल्यावर दांडा पूर्ण बाहेर काढला. त्यावर मागच्या पावसाळ्यातले चिकट ग्रीस आणि बारीक वाळू होती. पकडीचा स्क्रू घट्ट होता, पण हाताच्या अंदाजाने आवळलेला.

दातेचक्र

मग कारण सापडले. दांडा आणि त्याची नळी कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा. दांडा धातूचा असेल तर ग्रीसचा अगदी पातळ हात पुरे. कार्बनचा असेल तर ग्रीस लावू नका, त्यासाठी खरखरीत कणांची वेगळी पेस्ट मिळते. स्क्रू पकडीवर छापलेल्या मापाइतकाच, मापाच्या पान्याने आवळा. मग दांड्यावर नवी रेघ मारा आणि पहिल्या दोन फेऱ्यांनंतर ती जागेवर आहे ना, ते पाहा.